उन्हाळी संशोधनाचे आठ आठवडे: जस्त-मँगनीज बॅटरीचा प्रकल्प कसा तडीस न्यावा

ऊर्जा-साठवणुकीच्या प्रयोगशाळेत उन्हाळी संशोधनाला गेलात की पहिल्या दिवशी एक प्रश्न विचारायचा: बॅटरी टेस्टरचे (सेल आपोआप चार्ज-डिस्चार्ज करून नोंद ठेवणाऱ्या यंत्राचे) किती चॅनेल मला मिळणार, आणि कधीपासून? प्रकल्पाचा विषय काय, कोणता पदार्थ बनवायचा, कोणते पेपर वाचायचे, हे सगळं त्याच्या उत्तरावर ठरतं. बहुतेक जण नेमकं उलटं करतात. विषय आधी ठरतो, पाच आठवडे पदार्थ बनवण्यात जातात, आणि सहाव्या आठवड्यात कळतं की सेल शंभर फेऱ्या फिरवायला वेळच उरलेला नाही.

तासांचा हिशेब

एका चॅनेलवर एका वेळी एकच सेल बसतो. १ सी म्हणजे सेलची पूर्ण क्षमता एका तासात रिकामी करणारा प्रवाह. चार्जला एक तास, डिस्चार्जला एक तास, म्हणजे फेरा दोन तासांचा. सी भागिले १० या दराने तोच फेरा वीस तासांचा होतो. शंभर फेरे म्हणजे २,००० तास, म्हणजे ८३ दिवस. आठ आठवड्यांत दिवसच मुळी ५६ असतात. इथेच घोडं अडतं, आणि कितीही रात्री जागलात तरी ते पुढे सरकत नाही, कारण हा वेळ तुमचा नसतो, सेलचा असतो.

आता वास्तवातला हिशेब. पहिले तीन आठवडे हात बसण्यात आणि फसलेले सेल फेकण्यात जातात. शेवटचा आठवडा पोस्टरचा. मधे उरतात चार आठवडे, म्हणजे दर चॅनेलमागे ६७२ तास. त्यात सुरुवातीचे तीन फेरे सी भागिले ५ ने (३० तास), मग १ सी ने २५० फेरे (५०० तास) आणि दर पन्नास फेऱ्यांनंतर एक हळू फेरा सी भागिले ५ ने (एकूण ५० तास). बेरीज ५८०. उरलेले ९२ तास वीज जाण्यासाठी, चुकीच्या सेटिंगसाठी आणि रविवारी कुणीच न आल्यामुळे बंद पडलेल्या टेस्टरसाठी. ते लागतातच.

समजा आठ चॅनेल मिळाले. एका स्थितीचे (तुलनेतल्या एका पर्यायाचे) किमान तीन सेल हवेत, कारण हाताने बनवलेल्या दोन सेलमध्ये दहा टक्क्यांचा फरक सहज पडतो. दोन स्थिती गुणिले तीन म्हणजे सहा. सातवा चॅनेल सायक्लिक व्होल्टॅमेट्रीच्या (व्होल्टेज हळूहळू वर-खाली नेत प्रवाह मोजण्याच्या) सेलसाठी आणि ते काम आटोपलं की राखीव. आठवा नियंत्रण-सेलसाठी, तो का हवा ते पुढे येईल. थोडक्यात, तुमच्या प्रकल्पात तुलना दोनच गोष्टींची होऊ शकते. 'पाच इलेक्ट्रोलाइट, तीन बाइंडर आणि चार तापमानांचा अभ्यास' असं प्रस्तावात लिहिलं असेल तर ते पहिल्याच बैठकीत खोडा. मार्गदर्शक नाराज होत नाहीत. उलट हिशेब मांडून दाखवलात तर सुटल्यासारखं वाटतं त्यांना.

प्रश्न कसा असावा

आठ आठवड्यांत बसणारा प्रश्न एका वाक्यात मावतो आणि त्यात बदलणारी गोष्ट एकच असते. नमुन्यादाखल हा घ्या: जस्त-मँगनीज डायऑक्साइड सेलमध्ये काचतंतूच्या सेपरेटरऐवजी (दोन इलेक्ट्रोड वेगळे ठेवणाऱ्या पडद्याऐवजी) साधा सेल्युलोजचा फिल्टर पेपर वापरला, तर १ सी दराने २५० फेऱ्यांनंतर क्षमता किती टिकते? साहित्य हाताशी असतं, उत्तर आकड्यात येतं, आणि उत्तर 'काही फरक नाही' असं आलं तरी ते उत्तरच असतं.

यातही एक पेच आहे. ग्रेड १ चा फिल्टर पेपर साधारण १८० मायक्रॉन जाड, तर जीएफ-ए प्रकारचा काचतंतू २६० मायक्रॉन. म्हणजे पदार्थाबरोबर जाडीही बदलली. फरक दिसला तर तो सेल्युलोजमुळे की पातळपणामुळे? नियंत्रण पक्कं करायचं तर जाडी जुळणारा पेपर शोधा. ते जमलं नाही तर ही मर्यादा पोस्टरवर स्वतःहून लिहा. परीक्षक ती शोधणारच असतात.

जस्त-मँगनीजच का? पहिलं कारण, इलेक्ट्रोलाइट (सेलमधलं विद्युतवाहक द्रावण) पाण्यातला आहे. लिथियम धातूचे सेल जोडायला आर्गॉन वायूने भरलेला हवाबंद ग्लोव्हबॉक्स लागतो, त्यात पाणी आणि ऑक्सिजन दशलक्षात एका भागाच्याही खाली ठेवावे लागतात, आणि त्या जाड हातमोज्यांतून स्प्रिंग उचलायला शिकण्यातच दोन आठवडे जातात. दुसरं, ही जोडी जुनी आहे. लेक्लांशेने १८६६ साली जो सेल केला तो जस्त आणि मँगनीज डायऑक्साइडचाच. सौम्य आम्लधर्मी इलेक्ट्रोलाइटमध्ये ती पुन्हा पुन्हा चार्ज होण्यासारखी करणं हा आजचा संशोधनाचा भाग आहे, आणि त्यात पदवीच्या विद्यार्थ्याला करण्यासारखं अजून पुष्कळ शिल्लक आहे.

वाचनाबद्दल एवढंच: नमनाला घडाभर तेल घालू नका. तीन पेपर निवडा आणि त्यांच्या प्रयोग-विभागातून एक तक्ता करा. दर चौरस सेंटिमीटरला किती मिलीग्रॅम पदार्थ, इलेक्ट्रोलाइट किती मायक्रोलिटर, प्रवाह किती, व्होल्टेजच्या मर्यादा कोणत्या, सेल किती. रिकाम्या राहिलेल्या रकान्यांवरून कोणत्या पेपरवर किती विसंबायचं ते कळतं.

इलेक्ट्रोलाइट

२ मोलर झिंक सल्फेट आणि त्यात ०.१ मोलर मँगनीज सल्फेट. १०० मिलिलिटरसाठी झिंक सल्फेट हेप्टाहायड्रेट ५७.५ ग्रॅम, मँगनीज सल्फेट मोनोहायड्रेट १.६९ ग्रॅम. वजन करण्याआधी बाटलीवरचं लेबल पूर्ण वाचा. झिंक सल्फेट मोनोहायड्रेट रूपातही मिळतं आणि त्याचे ३५.९ ग्रॅमच पुरतात. दोन्ही पावडरी पांढऱ्याशुभ्र, दिसायला सारख्या. चुकीच्या बाटलीतून ५७.५ ग्रॅम घेतलेत तर द्रावण ३.२ मोलरचं होतं आणि पुढचे सहा सेल वेगळ्याच प्रयोगाचे ठरतात.

बीकरमध्ये साधारण ६० मिलिलिटर डीआयोनाइज्ड पाण्यात विरघळवा. हेप्टाहायड्रेट विरघळताना उष्णता शोषून घेतं, बीकर हाताला गार लागतो. द्रावण खोलीच्या तापमानाला आल्यावरच मोजपात्रात ओतून खुणेपर्यंत पाणी भरा. पूर्ण प्रकल्पासाठी एकदाच बनवा, एकाच बाटलीत ठेवा आणि बाटलीवर तारीख घाला. मधेच नवं बनवावं लागलं तर ते दोन्ही स्थितींच्या सेलना सारखं वाटून वापरा. जुनं एका स्थितीला आणि नवं दुसरीला, असं करू नका.

लेप

कॅथोडचं (धन बाजूच्या लेपाचं) मिश्रण ७०:२०:१०. मँगनीज डायऑक्साइड ३५० मिलीग्रॅम, कार्बन ब्लॅक १०० मिलीग्रॅम, पीव्हीडीएफ (लेप धरून ठेवणारा बाइंडर) ५० मिलीग्रॅम. पीव्हीडीएफ आदल्या दिवशीच एनएमपी या द्रावकामध्ये ५ टक्क्यांचं द्रावण करून रात्रभर ढवळत ठेवा. त्यातलं १ ग्रॅम घेतलं की ५० मिलीग्रॅम आलं. आयत्या वेळी विरघळवलेल्या पीव्हीडीएफमध्ये जेलीसारख्या गाठी राहतात आणि त्या लेपात ओरखडे ओढतात.

मँगनीज डायऑक्साइड विकतचं घ्या. स्वतः हायड्रोथर्मल पद्धतीने (बंद भांड्यात, तापलेल्या पाण्यात) बनवण्याचा मोह होतो, कारण ते जास्त 'संशोधन' वाटतं. पण प्रत्येक बॅचचा स्फटिक-प्रकार एक्स-रे विवर्तनाने तपासावा लागतो आणि त्या यंत्राची रांग आठवडाभराची असते. तुमचा प्रश्न सेपरेटरचा आहे. पदार्थ सगळ्या सेलमध्ये एकाच डब्यातला असणं महत्त्वाचं.

आधी दोन्ही कोरड्या पावडरी खलात वीस मिनिटं घोटा. कार्बन हलका आणि भुरभुरीत असतो, उडतो. मँगनीजची धूळ छातीत जाणं वाईट, म्हणून हे काम धूर-कपाटात, मास्क लावून. मग पीव्हीडीएफचं द्रावण घाला आणि एनएमपीचे थेंब टाकत टाकत स्लरी पातळ करा. एकूण एनएमपी दोन मिलिलिटरच्या आसपास जातं. दाटपणा बघायचा तर स्पॅच्युला उचला: स्लरी मधासारखी अखंड धारेने खाली यावी. तुकड्या-तुकड्यांनी पडली तर दाट आहे, पाण्यासारखी गळली तर फॉइलवर पसरून कडेला जमा होईल. एनएमपी प्रजननास घातक मानलं जातं आणि पातळ नायट्राइल मोज्यांतून हळूहळू आत शिरतं. मोज्यावर सांडलं तर लगेच मोजे बदला, 'हे एवढं झालं की' म्हणून थांबू नका.

फॉइल स्टेनलेस स्टीलची, २० मायक्रॉनची. अ‍ॅल्युमिनियम आणि तांबं या इलेक्ट्रोलाइटमध्ये टिकत नाहीत. स्टीलवर लेप सहज धरत नाही, म्हणून बारीक पॉलिश पेपरने एकाच दिशेने हलकं घासा आणि इथेनॉलने पुसा. डॉक्टर ब्लेडची (लेप सारख्या जाडीने पसरवणाऱ्या पात्याची) फट १५० ते २०० मायक्रॉन. ब्लेड एकाच वेगाने, मधे न थांबता ओढा. थांबलात तिथे जाड पट्टा उमटतो आणि त्या पट्ट्यातली चकती पुढे गोंधळ घालते.

सुकवताना घाई नडते. एनएमपीचा उत्कलनबिंदू २०२ अंश सेल्सिअस, म्हणजे ते सावकाशच जातं. ६० अंशांवर दोन-तीन तास, मग व्हॅक्यूम ओव्हनमध्ये ८० अंशांवर रात्रभर. ओव्हन सुरुवातीलाच १२० अंशांवर ठेवला तर लेपाचा वरचा थर आधी आवळतो, खालचं द्रावक अडकतं, आणि सकाळी सुकलेल्या तळ्याच्या गाळासारख्या भेगा दिसतात.

वजन: सगळी चूक इथे लपते

१२ मिलिमीटरच्या पंचने चकत्या कापा. एका चकतीचं क्षेत्रफळ १.१३ चौरस सेंटिमीटर. लेप दर चौरस सेंटिमीटरला २ मिलीग्रॅम असेल तर चकतीवर लेप २.२६ मिलीग्रॅम आणि त्यात मँगनीज डायऑक्साइड ७० टक्के, म्हणजे १.५८ मिलीग्रॅम. खालची स्टीलची चकती मात्र सुमारे १८ मिलीग्रॅमची. तुम्ही २० मिलीग्रॅममधून १८ वजा करून उरलेल्या दोनावर पूर्ण प्रबंध उभारणार आहात.

मोकळ्या चकतीच्या वजनात ०.२ मिलीग्रॅम इकडेतिकडे झाले तर लेपाच्या वजनात ९ टक्के चूक येते. कागदावर ग्रॅमला २५० मिलीअँपिअर-तास आलेली क्षमता प्रत्यक्षात २३० असेल किंवा २७५. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? टेस्टर कितीही महागडा असला तरी भागाकार याच वजनाने होतो.

म्हणून असं करा. त्याच फॉइलच्या, तशाच घासलेल्या पण लेप नसलेल्या दहा चकत्या कापा आणि एकेक वजन करा. घासल्याने वजन कमी होतं, त्यामुळे न घासलेल्या फॉइलचं वजन चालत नाही. दहांची सरासरी आणि कमाल-किमान वहीत लिहा. किमान ०.०१ मिलीग्रॅम दाखवणारा काटा वापरा, ०.१ चा काटा या कामाला चालत नाही. चकती ठेवल्यावर काचेची दारं लावा, आकडा तीस सेकंद स्थिर राहू द्या, आणि प्रत्येक चकती तीनदा वजन करा. चिमटा प्लास्टिकचा, कडेला धरून. कडेचा लेप टवका निघून पडला तर ती चकती बाद.

लेप असलेल्या वीस चकत्या वजन करा आणि त्यातून सरासरीच्या पाच टक्क्यांच्या आत असलेल्याच सेलसाठी निवडा. सहा सेलसाठी वीस चकत्या कापणं उधळपट्टी वाटेल, पण नंतर आलेखात सहा रेषा सहा दिशांना गेल्या की ती काटकसर महागात पडते.

प्रत्येक सेलचा प्रवाह त्याच्या त्याच्या वजनावरून काढायचा. मँगनीज डायऑक्साइडची एक-इलेक्ट्रॉन सैद्धांतिक क्षमता ग्रॅमला ३०८ मिलीअँपिअर-तास. १.५८ मिलीग्रॅमला ०.४८७ मिलीअँपिअर-तास. तेव्हा १ सी म्हणजे ०.४८७ मिलीअँपिअर आणि सी भागिले ५ म्हणजे ०.०९७ मिलीअँपिअर. टेस्टरच्या चॅनेलची कमाल मर्यादा १ अँपिअरची असेल तर एवढा लहान प्रवाह त्याच्या अचूकतेच्या बाहेर जातो. म्हणून मिलीअँपिअर श्रेणीचा चॅनेल मागून घ्या, हे पहिल्याच आठवड्यात.

सेल जोडणं

सीआर-२०३२ चं आवरण: व्यास २० मिलिमीटर, उंची ३.२. लागणारे भाग: मोठी वाटी (धन बाजू), गॅस्केटसह झाकण (ऋण बाजू), स्पेसर, स्प्रिंग. शक्यतो सगळे ३१६ प्रतीच्या स्टीलचे. जस्ताचं फॉइल १०० मायक्रॉन, १४ मिलिमीटरच्या चकत्या. वरचा धुरकट ऑक्साइड पॉलिश पेपरने काढून, पुसून, त्याच दिवशी वापरायच्या. सेपरेटर १८ मिलिमीटरचा. कॅथोड १२, जस्त १४, सेपरेटर १८ हा चढता क्रम मुद्दाम आहे: थोडं सरकलं तरी कडा एकमेकींना भिडत नाहीत.

क्रम असा. मोठी वाटी टेबलावर. कॅथोड मधोमध, लेप वर. त्यावर सेपरेटर. पिपेटने इलेक्ट्रोलाइट, काचतंतूसाठी १०० मायक्रोलिटर. मधोमध अर्धं, दहा सेकंद थांबून कडेने उरलेलं, म्हणजे हवा अडकत नाही. मग जस्त, स्पेसर, स्प्रिंग, झाकण. एका स्थितीच्या प्रत्येक सेलला पिपेटचा आकडा तोच ठेवा. फिल्टर पेपर पातळ असल्याने कमी शोषतो. आधी एक तुकडा भिजवून वजनातून त्याची शोषण-क्षमता काढा आणि दोन्ही सेपरेटरना त्यांच्या क्षमतेच्या त्याच पटीत द्या.

जास्त ओतलेलं इलेक्ट्रोलाइट क्रिम्प करताना (सेलची कडा दाबून बंद करताना) बाहेर येतं आणि गॅस्केटवर सुकतं. तो क्षारांचा पांढरा थर धन आणि ऋण बाजूंमधला चोरवाटेचा पूल होतो. सेल पडल्या पडल्या उतरतो आणि तुम्ही दोष मँगनीजला देता. क्रिम्प झाल्यावर कडा डीआयोनाइज्ड पाण्याने ओलसर केलेल्या कागदाने पुसा, लगेच कोरडी करा. आणि तयार सेल धातूच्या चिमट्याने उचलू नका. चिमट्याचे दोन पाय दोन बाजूंना टेकले की तोच शॉर्ट.

सहा तास तसाच ठेवून व्होल्टेज मोजा. १.३ ते १.५ व्होल्टच्या आसपास हवं. शून्याजवळ असेल तर आत शॉर्ट. आकडा नाचत असेल तर स्प्रिंग किंवा स्पेसर राहून गेला, हे पहिल्या आठवड्यात हमखास होतं. पहिल्या दहा सेलपैकी चार चालले तरी ठीक. तिसऱ्या आठवड्याअखेर दहापैकी नऊ चालायला हवेत. तोवर खरे सेल लावू नका.

टेस्टरवर

जोडलेला सेल भरलेलाच असतो, कारण मँगनीज डायऑक्साइड हे चार्ज झालेलं रूप आहे. म्हणून पहिली पायरी डिस्चार्जची, १.० व्होल्टपर्यंत, मग चार्ज १.८ पर्यंत. प्रत्येक पायरीला व्होल्टेजबरोबर वेळेचीही मर्यादा घाला, हिशेबाच्या दीडपट. जस्ताचा सुईसारखा वाढलेला काटा सेपरेटर भेदून गेला तर चार्ज करताना व्होल्टेज १.८ ला कधी पोहोचतच नाही, आणि वेळेची मर्यादा नसेल तर यंत्र शुक्रवार संध्याकाळपासून सोमवार सकाळपर्यंत त्याच पायरीवर बसून राहतं.

दर पन्नास फेऱ्यांनी एक हळू फेरा घालायचा तो कशासाठी? १ सी ला क्षमता घटली पण सी भागिले ५ च्या फेऱ्यात परत आली, तर पदार्थ शाबूत आहे, वाढलाय तो रोध. हळू फेऱ्यातही परत आली नाही तर पदार्थच गेला: विरघळला, किंवा लेप फॉइलपासून सुटला. या एका फेऱ्याने चर्चेच्या विभागाला खरा मजकूर मिळतो.

सातव्या चॅनेलवर सायक्लिक व्होल्टॅमेट्री, सेकंदाला ०.१ मिलीव्होल्ट. १.० ते १.८ आणि परत म्हणजे १.६ व्होल्ट, एका फेऱ्याला १६,००० सेकंद. तीन फेऱ्यांना सव्वातेरा तासांहून थोडं जास्त, म्हणजे रात्रीचं काम. इम्पिडन्स (बदलत्या प्रवाहाला होणारा सेलचा रोध) मोजायचा तर १०० किलोहर्ट्झ ते ०.०१ हर्ट्झ, ५ ते १० मिलीव्होल्ट. आणि नेहमी चार्जच्या त्याच टप्प्यावर, एक तास विश्रांतीनंतर. भरलेल्या सेलचा इम्पिडन्स आणि रिकाम्या सेलचा इम्पिडन्स यांची तुलना करून काहीही सिद्ध होत नाही.

आता आठवा चॅनेल. इलेक्ट्रोलाइटमधल्या मँगनीज सल्फेटमधून चार्ज करताना कॅथोडवर नवीन मँगनीज डायऑक्साइड बसतं. त्यामुळे पहिल्या काही डझन फेऱ्यांत क्षमता वाढताना दिसते, कधी सैद्धांतिक आकड्याच्याही वर जाते. विद्यार्थी खूश, मार्गदर्शक साशंक. हे ओळखायचं तर फक्त कार्बन आणि पीव्हीडीएफचा लेप असलेला, मँगनीज डायऑक्साइडविना सेल त्याच इलेक्ट्रोलाइटमध्ये, तेवढ्याच मिलीअँपिअरवर चालवा. तो जी क्षमता दाखवेल ती पूर्णपणे इलेक्ट्रोलाइटमधून आलेली. हा सेल नसेल तर तुमच्या मुख्य आलेखातला चढ कशाचा, हे सांगता येणार नाही.

आणखी एक गोष्ट प्रामाणिकपणे मांडावी लागते. १०० मायक्रॉन जस्तात दर चौरस सेंटिमीटरला ५८ मिलीअँपिअर-तासांहून जास्त क्षमता असते, कॅथोडमध्ये अर्ध्या मिलीअँपिअर-तासाहूनही कमी. जस्त शंभराहून अधिक पटींनी जास्त घातलेलं असल्याने त्याची झीज तुमच्या आकड्यांत दिसतच नाही. तुम्ही तपासता आहात तो कॅथोड आणि सेपरेटर. 'ही बॅटरी २५० फेरे टिकते' असं वाक्य पोस्टरवर नको.

आलेख बघून दोष ओळखणं

क्षमतेच्या आलेखात चोवीस तासांच्या अंतराने हलकी लाट दिसते का? तो शोध नाही, खोलीचं तापमान आहे: दिवसा उकडतं, क्षमता वाढते; रात्री उतरते. सेल २५ अंशांच्या इन्क्युबेटरमध्ये ठेवा, तो नसेल तर निदान जाड झाकणाच्या खोक्यात, आणि सोबत तापमान नोंदवणारा सेन्सर.

कार्यक्षमता (डिस्चार्जची क्षमता भागिले चार्जची) सलग १०० टक्क्यांच्या वर येत असेल तर आधी सॉफ्टवेअर भागाकार कसा करतंय ते पाहा. हा सेल डिस्चार्जने सुरू होतो; काही सॉफ्टवेअर त्याच क्रमांकाच्या फेऱ्यातला डिस्चार्ज आणि त्यानंतरचा चार्ज घेतात. बरोबर जोडी म्हणजे डिस्चार्ज आणि त्याच्या आधीचा चार्ज.

सेल फुगला तर आत हायड्रोजन झालाय. सौम्य आम्लधर्मी पाण्यात जस्त हळूहळू झिजतं, आणि ओलावा जस्त-स्पेसरच्या सांध्यात शिरला तर झीज वाढते. एखाददुसरा फुगला तर जोडणीचा दोष, सगळेच फुगले तर इलेक्ट्रोलाइटचा. सगळे चॅनेल एकाच क्षणी थांबलेले दिसले तर रसायनात कारण शोधू नका. संगणकाने रात्री स्वतःला अपडेट करून रीस्टार्ट केलंय. स्वयंचलित अपडेट आणि स्लीप दोन्ही पहिल्याच दिवशी बंद करा.

कोणता सेल हिशेबातून वगळायचा, हा नियम सेल लावण्याआधी वहीत लिहा. उदाहरणार्थ, सुरुवातीचं व्होल्टेज १.२५ च्या खाली असेल तर बाद. आलेख पाहिल्यावर ठरवलेला नियम म्हणजे आवडीचे सेल निवडणं.

ओली प्रयोगशाळा नसेल तर

संगणकावर करण्यासारखा चांगला प्रश्न: अमुक सौर पॅनेल आणि अमुक वापर असताना किती बॅटरी पुरेल? तासागणिक माहिती लागते, वर्षाला ८,७६० ओळी, लीप वर्षी ८,७८४. इथल्या चुका ठरलेल्या आहेत. पीव्हीजीआयएस या युरोपीय सौर-माहितीच्या संकेतस्थळावरची तासांची माहिती यूटीसी (जागतिक प्रमाण) वेळेत येते आणि वापराची नोंद स्थानिक वेळेत. न जुळवता बेरीज केली तर सूर्य भलत्याच वेळी डोक्यावर येतो. पहिलं काम म्हणजे एका निरभ्र दिवसाचा आलेख काढून शिखर दुपारी येतं का ते पाहणं.

पॅनेलची क्षमता १,००० वॅट दर चौरस मीटर आणि २५ अंश सेलच्या तापमानाला मोजलेली असते. उन्हात सेल त्याहून बराच तापतो आणि सिलिकॉन दर अंशाला सुमारे ०.३ ते ०.४५ टक्के गमावतो. हे धरलं नाही तर उन्हाळ्याचं उत्पादन फुगतं. बॅटरीची जाण्या-येण्याची कार्यक्षमता ९० टक्के असेल तर ती चार्जलाही ०.९ आणि डिस्चार्जलाही ०.९ अशी दोनदा लावू नका. दर दिशेला ०.९४९ घ्या. वर्षअखेर बॅटरीतला साठा वर्षारंभीच्या साठ्याइतका आला का ते तपासा, नाहीतर सुरुवातीला फुकट मिळालेली ऊर्जा उत्तरात मिसळते.

नोंदी, पोस्टर आणि निरोप

सेलच्या नावात तारीख, स्थिती आणि क्रमांक हवा, आणि तेच नाव सेलवर, वहीत आणि फाइलवर. 'नवीन सेल २ शेवटचा' असं नाव दोन आठवड्यांनी कुणालाच कळत नाही, ते ठेवणाऱ्यालाही नाही. टेस्टरची मूळ फाइल कधीही उघडून बदलायची नाही. प्रत काढा आणि हिशेब प्रतीवर करा.

पोस्टरवर मुख्य आलेख एकच, त्यात सहाही सेलच्या सहा रेषा दोन रंगांत. तीन सेलवरून सरासरी आणि त्रुटी-दांड्या काढता येतात, पण तीन बिंदू झाकून दांडी दाखवण्यापेक्षा तिन्ही रेषा दाखवणं सरळ. आलेखाखाली चार गोष्टी हव्यातच: दर चौरस सेंटिमीटरला किती मिलीग्रॅम, इलेक्ट्रोलाइट किती, प्रवाह किती, किती सेलपैकी किती बाद आणि कोणत्या नियमाने.

शेवटच्या आठवड्यात सेल लगेच बंद करू नका. प्रयोगशाळेतल्या ज्या पीएचडी विद्यार्थ्याच्या नावावर चॅनेल आहेत, त्याला किंवा तिला विचारून ते चालू ठेवता आले तर ठेवा, आणि कोणता चॅनेल कोणत्या तारखेला रिकामा करायचा ते टेस्टरवर चिठ्ठी लावून लिहा. बंद केलेल्या सेलपैकी प्रत्येक स्थितीचा एक उघडून जस्त आणि सेपरेटर यांचे फोटो काढा. सेपरेटरवरचे तपकिरी डाग म्हणजे विरघळून पुन्हा साचलेलं मँगनीज, करडे ठिपके म्हणजे आत घुसलेलं जस्त. उरलेली लेपाची फॉइल, लेप नसलेल्या चकत्यांची वजनं आणि इलेक्ट्रोलाइटची बाटली एका डब्यात, डब्यावर तारीख. उरलेलं झिंक सल्फेट बेसिनमध्ये ओतायचं नाही, जलचरांना ते घातक असतं. जड धातूंच्या टाकाऊ बाटलीत जातं.